सीमेपलीकडचं बिल

आपल्या सीमाभागात एक समज पक्का बसलेला आहे : पलीकडे गेलं की स्वस्त. पूर्वी तो खोटाही नव्हता. कर्नाटकाचा व्हॅट वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा, गोव्याचा आणखी वेगळा. कागल ओलांडून निपाणीकडच्या पंपावर टाकी भरणारे कोल्हापूरकर आजही दिसतात, आणि त्यांचा हिशेब बरोबर असतो; कारण पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही. पण तोच हिशेब आता आमच्यातली मंडळी मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूला लावू लागली आहेत. "बेळगावात कशाला? कोल्हापूरला नेतो की." "गोव्यात ओळख आहे, कमी करून देतात." लग्नाच्या पंगतीत हे ऐकू येतं आणि सगळे माना डोलावतात. मैत्रिणींनो, माना डोलावण्याआधी बिल मागून बघा.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी देशभर एकच आहे. गाडीच्या सुट्या भागांवर तो काहींना २८ तर काहींना १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ झाला. मजुरीवरही १८च. बेळगाव, पणजी, पुणे, कुठंही जा. भागांच्या किमतीची यादी कंपनी ठरवते. मग उरतो फरक तो मजुरीच्या दराचा आणि थोड्याफार सवलतीचा. तेवढ्यासाठी शे-सव्वाशे किलोमीटर जायचं, टोल भरायचा, दुकानाचा एक दिवस बुडवायचा, आणि गाडी तिथंच राहिली तर भाड्याच्या गाडीनं घरी यायचं. ही बचत कुणीतरी कागदावर मांडून दाखवावी.

राज्याराज्यांत खरा फरक आहे तो रस्ता-कराचा. वीस लाखांवरच्या गाडीला कर्नाटकात १८ टक्के आणि वर उपकर. महाराष्ट्रात तशाच पेट्रोल गाडीला १३. पण तो एकदाच, गाडी घेताना. आणि राहायचं टिळकवाडीत, पाटी मात्र एमएचची, हे बारा महिन्यांच्या पुढं कायद्यात बसत नाही.

दुसरी युक्ती परदेशची. दुबईचा भाचा येताना बॅगेत सेन्सर घेऊन येतो. मामी खूश. पण या गाड्यांचे बरेचसे इलेक्ट्रॉनिक भाग नुसते बसवून चालत नाहीत, ते कंपनीच्या सॉफ्टवेअरनं गाडीशी जुळवावे लागतात. ते सॉफ्टवेअर असतं अधिकृत वर्कशॉपकडे, आणि बाहेरून आणलेला भाग बघितला की तिथं हात झटकले जातात. भाग कपाटात, गाडी दारात.

म्हणजे आपल्याला महाग पडते ती कागलची वेस नव्हे, कंपनीचं कुलूप. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. त्यात मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू होत्या, तशा मारुती आणि टाटाही होत्या. आरोप काय? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या कोर्टात गेल्या. आणि आपल्याला आजही काउंटरवर ऐकवलं जातं, "बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल हं, ताई."

ज्या जर्मनीत या गाड्या जन्मतात, तिथं काय आहे? युरोपीय संघाच्या नियमांनुसार दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही द्यावीच लागते. २०२० पासून जर्मनीत दिवे, बंपर यांसारखे दिसणारे भागही दुरुस्तीसाठी इतर उत्पादक बनवू शकतात, निदान नव्या डिझाइनचे तरी. कंपनी तीच, गाडी तीच. तिथं कायद्यानं हात धरला म्हणून ती वाकली. आपल्याकडे २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल निघालं. कायदा अजून यायचाच आहे.

यात मरतो कोण? उद्यमबागेतला मिस्त्री. ज्या गावाच्या फाउंड्र्या वाहन-उद्योगाला ओतीव भाग पुरवतात, त्या गावात चांगल्या हाताची वाण नाही. त्याला माहिती मिळत नाही, म्हणून तो 'शिकलेला नाही' ठरतो. आणि आपण त्याच्या दारावरून गाडी पुढं नेतो.

महाग गाडी घेऊच नये, असं परिग्रहावरचं प्रवचन मी देणार नाही. ज्याला परवडते त्यानं घ्यावी. पण भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारं घर लाखाच्या सर्व्हिसिंग बिलावर न वाचता सही करतं, हे मला मान्य नाही. गाडी त्यांची, बिल त्यांचं, असं म्हणून आपणही बाजूला होतो. पैसा घरचाच असतो की!

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला तुम्ही जा. कामाआधी लेखी अंदाज मागा. प्रत्येक भागाचा नंबर आणि किंमत, मजुरीचे तास वेगळे लिहून घ्या. काढलेला जुना भाग बघायला मागा. वॉरंटी जाईल म्हणाले तर "कुठल्या अटीनं? लिहून द्या" म्हणा. आणि वॉरंटी संपली की एकदा तरी गावातल्या मिस्त्रीकडून दर विचारा. भाऊ-दीर पलीकडच्या स्वस्ताईची गोष्ट सांगायला लागले, तर त्यांच्यापुढं दोन्ही बिलं ठेवा.