सिंहस्थाआधी बोर्डांवरची कार्डे उतरवा

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातल्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. गर्दी मोजणे, कॅमेऱ्यांची चित्रे गोळा करणे, गोदेची पातळी नोंदवणे या कामांसाठी खांबाखांबांवर रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक-बोर्ड लागतील आणि ते बसवायला सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतलीच माणसे पुढे व्हावीत, अशी आमची इच्छा आहे. या शहराला असे काम नवे नाही. गर्दी मोजण्याची गरज २००३ मध्येच दिसली: त्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. २०१५ च्या मेळ्याआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करणारे डॉ. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने येथे कुंभथॉन ही नवकल्पनांची मोहीम सुरू झाली. तिच्यातूनच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाची, पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी ‘आशिओतो’ चटई उभी राहिली आणि मेळ्यात वापरली गेली. अशा यंत्रणेची खरी परीक्षा पर्वणीच्या पहाटे असते. त्या वेळी बोर्ड बंद पडला, तर वर्षभराची मेहनत कुणाच्याच कामी येत नाही.

आणि बोर्ड बंद पडतो तो बहुतेक वेळा मेमरी कार्डामुळे. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला तो मुलांना संगणक शिकवण्यासाठी. कार्ड स्वस्त, बिघडले तर दुसरे घालावे, हा हिशेब वर्गात ठीक होता. आपण तोच बोर्ड पॅनेलमध्ये नेला, कार्डासकट. फ्लॅश मेमरीत लिहिणे लहान तुकड्यांत होते, पुसणे मात्र मोठ्या ब्लॉकमध्ये. कोणता मजकूर कुठे आहे याची नोंद कार्डातला कंट्रोलर स्वतःकडे ठेवतो आणि ती सतत बदलत राहतो. नेमकी तेव्हा वीज गेली की नोंदच अर्धवट राहते. फाइल सिस्टीमचे जर्नल तिथे उपयोगी पडत नाही, कारण कंट्रोलरचा हा थर जर्नलच्या खाली, त्याच्या नजरेआड आहे. झिजलेली काही कार्डे तर आणखी फसवतात: लिहिलेले स्वीकारतात आणि रीबूटनंतर जुनीच स्थिती समोर ठेवतात.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात बागेतल्या बोर्डाचे कार्ड बिघडण्याची किंमत रोख मोजावी लागते. ऑक्टोबर छाटणीनंतर पान किती तास ओले राहिले यावर डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी ठरते. एका रात्रीच्या नोंदी गेल्या, तर बागायतदाराला सकाळी अंदाजानेच पंप काढावा लागतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत: जो बोर्ड सतत लिहितो आणि जिथे माणूस चटकन पोहोचत नाही, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवरच हवी. ड्राइव्हचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, ग्राहकाच्या मर्जीवर सोडू नका. फक्त जाहिरात किंवा सूचना दाखवणाऱ्या बोर्डाला मात्र ओव्हरले लावलेले, केवळ वाचले जाणारे कार्ड पुरते. तिथे ड्राइव्हचा आग्रह नको.

सिस्टीम कार्डावरून ड्राइव्हवर हलवण्याचे काम मॉडेलनुसार बदलते. पाय ३ मध्ये यूएसबी बूटसाठी चिपमधला एक बिट कायमचा उठवावा लागतो, तो परत फिरत नाही. ३ बी प्लसमध्ये तो आधीच उठवलेला असतो. पाय ४ चा बूटलोडर बोर्डावरच्या ईप्रॉममध्ये असतो आणि यूएसबी बूट त्यात २०२० मध्ये आले. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल, तर खांबावर चढण्याआधी टेबलावरच तो अपडेट करा. पाय ५ ला पीसीआयईवरून एनव्हीएमई जोडता येते. कंपन असलेल्या जागी, विशेषतः कारखान्यातल्या प्रेसशेजारी, आम्ही हाच मार्ग सुचवू. स्क्रूने आवळलेला ड्राइव्ह लोंबत्या केबलपेक्षा भरवशाचा.

कॉपी करताना विभाजनांचे ओळखक्रमांक नवे घ्या. दोन्हीकडे तेच क्रमांक राहिले आणि कार्ड खाचेतच राहिले, तर बोर्ड कुठून चालतो आहे हे कळत नाही. रूट कुठून माउंट झाले ते तपासा. एमएमसीबीएलके दिसले, तर स्वारी अजून कार्डावरच आहे.

खरी गफलत विजेची होते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा असेल तरच पोर्टांना १.६ अँपिअर, नाहीतर ०.६. शिवाय कमी पुरवठ्यावर पाय ५ यूएसबीवरून सुरू होताना थांबतो आणि कुणीतरी पॉवर बटण दाबण्याची वाट पाहतो. मोकळ्या माळावर बटण दाबायला कोण जाणार? सेटिंग बदलून हे टाळता येते, पण पुरवठा योग्य घेणे हाच इलाज. काही साटा-यूएसबी अडॅप्टर यूएएस मोडमध्ये अडकतात. त्यांच्यासाठी तो मोड बंद करा, वेग थोडा घटेल पण ड्राइव्ह मधेच गायब होणार नाही. यूएसबी ३ च्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय मंदावते, तेव्हा जमेल तिथे लॅनची वायर ओढा.

साध्या एसएसडीलाही अचानक गेलेली वीज मानवत नाही. शेतीपंपाच्या फीडरवर वीज पाळीने येते. तिथे छोटी बॅटरी आणि वेळेत शटडाउन देणारे सर्किट ड्राइव्हबरोबरच बसवा. माल साइटवर नेण्याआधी, बोर्ड जोरात लिहीत असताना मेनचा स्विच पुन्हा पुन्हा पाडून पाहा, आणि दर वेळी नोंदी सलग आहेत का ते वाचून पाहा. ज्या बोर्डाच्या नोंदी तुटल्या, तो टेबलावरच ठेवा.