कवळीला मोडीत काढू नका



‘कवळीचा जमाना संपला, आता इम्प्लांटच बसवावेत’ हे गेल्या अंकातील पत्र पटले नाही. इम्प्लांट उत्तमच, पण मिश्रीने हिरड्या खिळखिळ्या होऊन सगळे दात गमावलेल्या, हातावर पोट असलेल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील म्हातारीला तो खर्च कसा झेपायचा? शिवाय इम्प्लांटसाठी मधुमेह आटोक्यात हवा, जबड्यात पुरेसे हाड हवे.

पत्रलेखकाने वरची आणि खालची कवळी एकाच मापाने मोजली. वरची टाळूला घट्ट चिकटून राहते. खालचे हाड मात्र झिजत जाते, जीभ कवळी उचलते आणि भाकरीचा पहिला घास चावतानाच ती हलते. तिथे पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट बसवून त्यांवर काढघाल करता येणारी कवळी अडकवावी, अशी शिफारस 2002 मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी केली होती. हा मधला मार्ग पत्रात यायला हवा होता.

अ‍ॅक्रिलिक हे कवळीचे साहित्य ‘जुनाट’ खरे, पण तडकले तर सांधता येते, हिरडी झिजली की आतून नवा थर देता येतो. लवचिक नायलॉनच्या कवळीत हे अवघड. धातूची टाळू पातळ, मजबूत. चहाची ऊबही जाणवते, पण अशी कवळी महाग.

खोपोली-कर्जतच्या लोकलने सीएसएमटीला उतरले की शासकीय दंत महाविद्यालय जवळच आहे. पण टोचणारी कवळी घासून घ्यायला वारंवार जावे लागते आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. म्हणून तालुक्याच्या शिबिरांत नुसते दात काढून न थांबता कवळीची मापे आणि नंतरची दुरुस्तीही तिथेच व्हावी, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, नेरळ