उडत्या रंगाची मजुरी

सिंदेवाही तालुक्यात, किंबहुना चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही वनजिल्ह्यांतील बहुतेक गावांत, घराची भिंत रंगविणे हे फार जुन्या नव्हे अशा काळापर्यंत ठेक्याचे काम नव्हते, ते घरकाम होते. चार महिने पावसाची ओल प्यालेल्या मातीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा अगर चुन्याचा हात द्यावा, ओटा शेणाने सारवावा आणि खालच्या अंगाला गेरूची पट्टी ओढावी, हा दसरा-दिवाळीपूर्वीचा उद्योग घरातील स्त्रिया आपल्याच हातांनी पार पाडीत. आणि त्यात जो काही रंग उडे तो फार तर रंगविणारीच्या लुगड्यावर उडे, शेजाऱ्याच्या दारात नव्हे. पुढे विटा-सिमेंटची घरे आली, घरकुले आली, पुट्टी, प्रायमर आणि इमल्शन हे शब्द बाजारहाटाच्या बोलीत रुळले. आणि दुकानांच्या पाट्या व नाटकांचे फलक रंगवून पोट भरणारा जो पेंटर फ्लेक्सच्या आगमनाने निरुद्योगी झाला होता, तो पोटासाठी भिंतींकडे वळला. (त्याच्या हातची वळणदार अक्षरे गेली, ही हानी निराळी आणि तिचा विचारही निराळा.) आता ब्रश आणि रोलर यांच्या जोडीला रंग फवारणारे यंत्र आले आहे. दोन दिवसांचे काम दुपारपर्यंत उरकते, आणि ‘मशीनने मारून देतो’ हे आश्वासन घरमालकाच्या कानाला मोठे गोड लागते.

यंत्राला माझा विरोध नाही. परांचीवर उभे राहून, मान उलटी करून छत रंगविणाऱ्या माणसाचे कष्ट ज्याने पाहिले असतील, तो असा विरोध करणारही नाही. माझी तक्रार आहे ती या यंत्रासोबत जो व्यवहार आपण रूढ होऊ दिला त्याविषयी. दर ठरतो चौरस फुटावर, म्हणजे भिंतीवर बसलेल्या रंगापुरता. जो रंग भिंतीवर न बसता हवेत जातो त्याला अडविण्याचे जे काम आहे, म्हणजे झाकणे, चिकटविणे, वाऱ्याची वाट पाहणे आणि प्रसंगी यंत्र बंद ठेवणे, त्याची मजुरी करारात कोठेच लिहिलेली नसते. जे काम हिशेबात नाही ते हातून होत नाही, हा मजुरीच्या जगातील जुना न्याय आहे. आणि म्हणून त्या न झालेल्या कामाची किंमत अखेर तिऱ्हाईत मोजतो.

हा रंग जातो कुठे, हे समजण्यासाठी यंत्राचे अंतरंग थोडे पाहिले पाहिजे. ज्याला एअरलेस म्हणतात त्या यंत्रात हवेचा झोत नसतोच. पंप रंगालाच दर चौरस इंचास दोन-तीन हजार पौंडांच्या दाबाने सुईच्या नेढ्यासारख्या छिद्रातून बाहेर लोटतो, आणि त्या वेगानेच रंगाची चादर फाटून तिचे तुषार होतात. हे तुषार सारख्या आकाराचे नसतात, आणि सगळी मेख येथेच आहे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थेंब स्थिर हवेत तीन मीटर खाली यायला सुमारे दहा-अकरा सेकंद घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्शाएवढा कण तेवढेच अंतर उतरायला पाव तासाहून अधिक वेळ घेतो. आता पिंपळाची पाने नुसती सळसळतील एवढा, सेकंदाला दोन मीटर वेगाचा वारा गृहीत धरला, तरी तो मोठा थेंबसुद्धा जमिनीस लागेपर्यंत साठ-सत्तर फूट दूर गेलेला असतो. धाकट्या कणाची हद्द कोणत्या मौज्यात संपेल हे तलाठ्यालाही सांगता यायचे नाही. त्यातही भेद आहे. पाण्यातले इमल्शन वाटेतच सुकून धूळ होऊन पडते आणि पुष्कळदा झटकता येते. ऑईल पेंट मात्र ओलाच प्रवास करतो आणि जिथे टेकतो तिथे कायमचा ठाण मांडतो.

आता हे गणित आपल्या गावाच्या वस्तीला लावून पाहावे. येथे घरे मोकळ्या भूखंडांवर एकेकटी उभी नाहीत. एकाच्या भिंतीला दुसऱ्याचे कवेलू लागलेले, एकाच्या खिडकीखाली दुसऱ्याची न्हाणी, आणि मधल्या बोळात कुणाची तुळस तर कुणाची मोटारसायकल. दिवाळीच्या तोंडाशी रंगकामाचा पहिला हंगाम येतो, त्या सुमारास हलके धान कापणीला येऊन खळी आणि अंगणे भरू लागतात. लग्नसराईचा दुसरा हंगाम तर त्याहून अडचणीचा. चैत्र-वैशाखात पहाटे वेचून आणलेली मोहफुले अंगणात वाळत असतात, छपरांवर कुरड्या-पापड घातलेले असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वऱ्हाडी येण्यापूर्वी भिंती उजळायच्या म्हणून शेजारी यंत्र घरघरू लागते. मोहाच्या ढिगावर पडलेला रंग कोण निवडून काढणार? त्याचा पंचनामा होत नाही, त्याची नुकसानभरपाई मागायला कोणी तहसिलीत जात नाही. दोन घरांतले बोलणे तेवढे बंद होते.

शिवाय चंद्रपुराकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर सहज जातो. अशा उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात दुपारी फवारलेले इमल्शन भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धे सुकते, आणि ज्या भिंतीवरून तळहात गुळगुळीत फिरावा तिच्यावर बारीक वाळू चिकटल्यासारखा खरखरीतपणा येतो. रंग शेजाऱ्याचाही झाला नाही आणि आपलाही झाला नाही, अशी ही अवस्था. भातगिरणीच्या आसपास घर असेल तर ओल्या भिंतीवर कोंड्याची बारीक धूळ बसते ती वेगळीच.

यावर उपाय नाहीत असे नाही. उपाय जुने आहेत, सिद्ध आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना पैसा कमी व संयम जास्त लागतो. प्रथम टिप, म्हणजे गनचे ते तोंड ज्याच्या छिद्रातून रंग सुटतो. तिच्यावर कोरलेला आकडा हा नुसता दुकानदाराचा नंबर नसून त्यात कामाचा नकाशाच असतो: 517 या आकड्यातील पहिल्या पाचाची दुप्पट म्हणजे भिंतीपासून फूटभर अंतरावर पडणारा दहा इंचांचा पट्टा, आणि पुढचे सतरा म्हणजे छिद्राची रुंदी, इंचाच्या हजाराव्या भागांत. रुंद भिंतीची टिप खिडकीच्या चौकटीला किंवा ओट्याच्या खांबाला लावली, की अर्धा रंग खांबाच्या दोन्ही अंगांनी निसटलाच म्हणून समजावे. झिजलेल्या टिपेचेही तसेच; छिद्र मोठे होते, पट्टा आखूड होतो, रंग जास्त जातो, आणि पेंटर मात्र नवी टिप महाग म्हणून जुनीच रेटीत राहतो.

दुसरी गोष्ट दाबाची, आणि माझ्या मते सर्वांत अधिक अपराध येथेच घडतात. दाब कमी असला तर पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा उमटतात. त्या रेघा विरून पट्टा एकसारखा होईपर्यंत दाब हळूहळू वाढवावा आणि तिथेच थांबावे. त्यापुढे वाढविलेला प्रत्येक अंश भिंतीला काही देत नाही, केवळ तुषार अधिक बारीक करतो आणि धुके वाढवितो. परंतु काम लवकर संपावे या घाईत काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवण्याची जी सवय जडली आहे, तिच्यामुळे यंत्र जोरात चालते आहे याचे समाधान सर्वांना मिळते आणि रंगाचा पाचवा-चौथा हिस्सा वाऱ्याच्या मालकीचा होतो.

तिसरी गोष्ट हाताची. गन भिंतीपासून दहा-बारा इंचांवर, भिंतीशी काटकोनात आणि सबंध मार्गभर त्याच अंतरावर राहिली पाहिजे. नवखा माणूस एका जागी उभा राहून मनगट फिरवितो, त्यामुळे मध्ये रंग दाट बसतो आणि दोन्ही टोकांना तो भिंतीला चाटून निघून जातो. जाणता कारागीर खांद्यासकट स्वतः चालतो. हात आधी चालू करावा आणि मग ट्रिगर दाबावा, ट्रिगर आधी सोडावा आणि मग हात थांबवावा, म्हणजे टोकांना ओघळ येत नाहीत. आणि प्रत्येक नव्या पट्ट्याने मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकावा. कडेला आल्यावर डाव्या हातात पुठ्ठ्याचा अगर पत्र्याचा आडोसा धरावा. एवढे करूनही पुट्टीच्या कोऱ्या भिंतीवर फवाऱ्यामागून लगेच रोलर फिरविलेला बरा, कारण फवारा रंग ठेवतो, रोलर तो भिंतीत मुरवितो. मग यंत्राचा लाभ काय उरला, असे कोणी विचारील. लाभ उरतोच, फक्त तो जाहिरातीत सांगतात तेवढा नसतो.

झाकण्याचे काम मात्र कलाकुसरीचे नव्हे, चिकाटीचे आहे, आणि म्हणूनच ते टाळले जाते. खिडक्या, दारे, मीटरची पेटी, फरशी, पाण्याची टाकी, उघडी विहीर, आणि ज्या बाजूला वारा वाहतो त्या बाजूचे शेजाऱ्याचे छप्पर, हे सारे प्लॅस्टिकने किंवा जुन्या धोतर-चादरींनी झाकावे. चिकटपट्टी उन्हात दिवस-दिवस ठेवू नये, नाहीतर तिचा गोंदच चौकटीवर राहतो. शेजारणीला आदल्या दिवशी ‘काकू, उद्या सकाळी इकडे रंग मारणार आहोत, वाळवण तेवढे आत घ्या’ असे सांगून येणे हाही झाकण्याचाच एक भाग आहे. आणि बाहेरच्या भिंतीचे फवारणे पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, वारा पडलेला असतानाच उरकावे. तो सुटला की यंत्र धुऊन ठेवावे आणि रोलर हाती घ्यावा.

या यंत्राचा जन्मच मुळी निर्मनुष्य भिंतींसाठी झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिकागोत मार्शल फील्ड यांच्या घाऊक मालाच्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स यांनी 1887 च्या सुमारास तळघराच्या भिंतींना सफेदी देण्यासाठी हातपंपाचे फवारणी यंत्र बनविले, आणि 1893 साली त्याच शहरातील जागतिक प्रदर्शनाच्या अवाढव्य इमारती मुदतीत पांढऱ्या करण्याचे काम असल्या फवाऱ्यांनीच निभावले. तळघर, प्रदर्शनाचे मैदान, गुदाम, सुटीतली शाळा, ही या यंत्राची स्वाभाविक क्षेत्रे होत. सिंदेवाहीचा दाट मोहल्ला तसा नाही.

आणि फवाऱ्याची जोखीम काय असते हे विदर्भाला कोणी निराळे शिकवावे अशी स्थिती नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यापेक्षा उंच वाढलेली कपाशी, असह्य ऊन, उघडे अंग, औषधांची मनमानी मिश्रणे, अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. भिंतीचा रंग हे कीटकनाशक नव्हे, आणि ही तुलना मी ओढून-ताणून पुढे नेऊ इच्छित नाही. परंतु बारीक तुषार नाकातोंडात जातात तो मार्ग एकच आहे. ज्या सिंदेवाहीत पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे आणि वाऱ्याविरुद्ध फवारू नये हे ज्याला-त्याला ठाऊक आहे, त्याच गावात बंद खोलीत ऑईल पेंट फवारणारा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा असतो. रुमाल थेंब अडवील, द्रावकाची वाफ अडविणार नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या लावलेला मुखवटा लागतो. आणखी एक धोका तर पुष्कळांना माहीतच नाही: एवढ्या दाबाची धार बोटाला टेकली तर रंग कातडीखाली घुसतो, वर दिसते ती केवळ टोचल्याची खूण, दुखतेही थोडे, आणि तेवढ्यात आत बोट नासू लागते. तेथे हळद लावून वाट पाहणे म्हणजे बोट गमावणे. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच गेले पाहिजे. अडकलेली टिप पंपाचा दाब न उतरविता बोटाने साफ करण्याची घाई याच अपघाताला बोलावणे धाडते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. दरपत्रकात दोन ओळी असाव्यात: एक रंग मारण्याची, दुसरी रंग अडविण्याची, म्हणजे आच्छादन, आडोसा, मुखवटा आणि वाऱ्यामुळे खोळंबलेला वेळ यांची. सिंदेवाही-लोनवाही नगरपंचायतीने शाळा-अंगणवाड्यांच्या रंगकामाच्या निविदांत ही दुसरी ओळ स्वतंत्र घातली, तर खाजगी करारांना आपोआप दाखला मिळेल. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेल्या पेंटरांना सुरक्षासंचासोबत गन धरण्याचे दोन दिवसांचे शिक्षण दिले, तर ते संचापेक्षा अधिक काळ टिकेल.

घरमालक ही दुसरी ओळ पाहताच ती खोडायला सांगेल, असे पेंटर म्हणतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नसावा. पण त्याच घरमालकापुढे वीस लिटरची बादली ठेवून दाखवावी. पाचवा हिस्सा हवेत गेला तर चार लिटर गेले. भारी इमल्शनच्या चार लिटरला आज जो भाव पडतो, त्यात प्लॅस्टिकचे गुंडाळे आणि चिकटपट्टी येऊन, झाकायला ठेवलेल्या माणसाची दिवसाची मजुरीही बहुधा निघते. ती मजुरी द्यायची नसेल तर रोलरचा दर विचारावा. तो पेंटर अजून गावात आहे आणि त्याला दोन दिवस जास्त लागतील, इतकेच.