सोळा सेकंदांचा पहिला सामना

पालकसभा संपल्यावर एका कॅडेटचे वडील मागे थांबले. मुलगा अकरावीत, उंची सहा फूट तीन इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघात पहिल्या पाचांत. "सर, याला खेळासाठी बाहेर पाठवू, की एनडीएचीच तयारी करू दे?" उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता. म्हणून इथे लिहितो.

सिम भुल्लर हा टोरांटोच्या पंजाबी घरातला मुलगा, उंची साडेसात फुटांना इंचभर कमी. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून खेळताना 2013 आणि 2014, लागोपाठ दोन वर्षे आपल्या विभागीय स्पर्धेचा तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मग कॉलेज अर्धवट सोडून व्यावसायिक खेळाकडे वळला. ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही. एप्रिल 2015 मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला. (संघाचे मालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईकर.) एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. पण खेळला किती? तीन सामने. पहिल्यात सोळा सेकंद. तिन्ही मिळून गुण दोन. पुढे पोटापाण्यासाठी तैवानपर्यंत गेला.

आपल्याकडचे उदाहरण प्रिन्सपाल सिंगचे. गुरदासपूर जिल्ह्यातला हा मुलगा लुधियानाच्या अकादमीतून 2017 मध्ये सुरू झालेल्या दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत आला, तिथून ऑस्ट्रेलियात गेला आणि 2020 मध्ये अमेरिकेच्या जी लीगमधल्या इग्नाइट संघात पोहोचला. 2021 मध्ये किंग्जने समर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. एनबीएच्या मुख्य हंगामात मात्र एकही सामना वाट्याला आला नाही. तो इग्नाइट संघसुद्धा 2024 मध्ये बंद झाला.

या मुलांना मी अपयशी म्हणणार नाही. तिथवर पोहोचायला काय लागते ते आपल्या मैदानावर पहाटे साडेपाचला धावणाऱ्याला सांगायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. परत यायला यांना घर नाही. आपल्याकडे 2015 मध्ये यूबीए नावाची लीग निघाली, तीत दिल्लीचा संघ होता, पुण्याचाही 'पेशवाज' होता. दोन-तीन वर्षांत सगळे गुंडाळले गेले. उरते ती रेल्वे, ओएनजीसी किंवा सेनादलाची नोकरी. आपल्या देशात बास्केटबॉलपटूला महिन्याच्या महिन्याला पगार दिला तो मुख्यतः यांनीच.

आता त्या वडिलांचा खरा पेच. एनडीएचे दार साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांपर्यंत उघडे असते. बास्केटबॉल मुलाला सर्वस्व मागतो तो नेमक्या याच वर्षांत. प्रिन्सपाल इग्नाइटकडे गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दोन्हीकडे अर्धा-अर्धा पाय ठेवला, तर एसएसबीतही कळते आणि कोर्टवरही.

म्हणून माझे मत असे: मुलाची जिद्द असेल तर पाठवा. 'खेळून काय मिळणार' हे वाक्य घरात नको. पण बारावीचे गणित-भौतिकशास्त्र सुटता कामा नये, आणि त्यानंतर पदवी सुटता कामा नये. पदवी हातात असेल तर सीडीएसमधून आयएमएचा रस्ता चोविसाव्या वर्षापर्यंत खुला राहतो. भुल्लरने दोन हंगामांत कॉलेज सोडले; तेवढे एक सोडून त्याच्यासारखे सगळे करावे. आणि तीन सामने, सोळा सेकंद हे आकडे मुलापासून लपवू नका. आमचे कॅडेट याहून अवघड गोष्टी ऐकून घेतात.

राहता राहिला तो मुलगा. त्याला मी अजून विचारलेच नाही. वडिलांनीही विचारले नसावे. काल खेळाच्या तासानंतर तो एकटाच फ्री थ्रो मारत होता. जेवणाची घंटा झाली तेव्हा थांबला.