पाहुणा कलावंत आणि तालुक्याचे महाविद्यालय

महाविद्यालयात पाहुणा कलावंत बोलावण्याची रीत आता भोर आणि वेल्हे यांसारख्या डोंगरी तालुक्यांतही रुळली आहे. (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, बोलण्यात मात्र वेल्हेच आहे.) पूर्वी कवी किंवा कथाकार येत असत, आता माहितीपट करणारे दिग्दर्शक आणि आपल्या शरीरालाच माध्यम मानणारे कलावंतही येऊ लागले आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र या व्याख्यानांतून विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न आपण प्राध्यापक मंडळी क्वचितच विचारतो. ज्या मुलाला वर्षाकाठी एकदाच असा कलावंत समोर दिसतो, त्याच्या दृष्टीने हे दोन तास फार मोलाचे असतात. ते कसे खर्च होतात याचा विचार व्हायला हवा.

व्याख्यान ऐकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्या परंपरेत वक्ता आपले मत मांडी आणि श्रोता ते मत घरी नेऊन त्यावर वाद घाली. आजच्या अतिथी-व्याख्यानाला मात्र कार्यालयीन कळा आली आहे. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांतच निम्मा वेळ जातो. छायाचित्रे निघतात, अहवाल तयार होतो आणि तो मूल्यांकनाच्या फायलीत जाऊन बसतो. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही, आणि उरलाच तर विद्यार्थी गप्प बसतात. त्यांचे गप्प बसणे आपण लाजाळूपणाच्या खात्यात टाकतो. वास्तविक ज्या विषयाशी आपला काही संबंध आहे असे वाटतच नाही, त्यावर माणूस प्रश्न कुठून विचारणार?

संबंध नाही, ही समजूतच आधी तपासली पाहिजे. माहितीपटापासून सुरुवात करू. मराठीत या प्रकाराला 'अनुबोधपट' आणि 'माहितीपट' असे दोन शब्द आहेत, आणि दोन्ही थोडे फसवे आहेत. पहिला उपदेशाकडे झुकतो, दुसरा सरकारी योजनेच्या पत्रकाकडे. परिणामी पडद्यावर जे दिसते ते जसेच्या तसे खरे असते, अशी समजूत विद्यार्थी मनाशी बाळगतो. रॉबर्ट फ्लाहर्टीचा १९२२ सालचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा या प्रकारातला आद्य चित्रपट मानला जातो. त्यातले बर्फाचे घर कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे ठेवले होते, आणि बंदुका वापरू लागलेल्या माणसांना जुन्या पद्धतीने शिकार करायला लावले होते. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. ते रोप खरे होते, वाढही खरी होती, परंतु पडद्यावरचा काळ फाळक्यांनी घडवलेला होता. माहितीपट म्हणजे वास्तवाची निवड आणि मांडणी, एवढी एक गोष्ट जरी व्याख्यानातून नीट पोचली, तरी मुले बातमीकडे आणि निवडणुकीच्या चित्रफितींकडेही वेगळ्या नजरेने पाहतील.

भोरच्या मुलांना कॅमेरा नवा नाही. भोरच्या राजवाड्यात अनेक हिंदी-मराठी चित्रपटांची चित्रीकरणे झाली आहेत. गावाने ती गर्दी करून पाहिली आहेत. पण त्या कॅमेऱ्याला वाडा हवा असतो, घाट हवा असतो, जलाशय हवा असतो. त्या जलाशयाखाली काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. भाटघरचे धरण १९२८ साली पूर्ण झाले. तेथील पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. पानशेत १९६१ च्या जुलैत फुटले तेव्हाची पुण्याची कहाणी शेकडो वेळा सांगून झाली. धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या त्या गावांची कहाणी मात्र त्या मानाने कानावर येत नाही. गुंजवणी आणि नीरा-देवघर ही तर अलीकडची धरणे. त्यांच्यासाठी उठलेली माणसे आज हयात आहेत आणि त्यांची नातवंडे आपल्याच वर्गांत बसतात. दृश्य म्हणून हा प्रदेश पुष्कळदा पडद्यावर आला, पण स्वतःबद्दल बोलणारा म्हणून फारच थोडा आला. माहितीपटावरच्या व्याख्यानाचा आणि या मुलांचा संबंध इथे आहे.

या मावळपट्ट्यात एक थोर दस्तऐवजीकरण झालेही आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम अनेक वर्षे केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'परी' या संग्रहाने पुढे हे काम आपल्याकडे घेतले आणि कित्येक गायिकांची चित्रफितींतून पुन्हा भेट घडवली. मराठीच्या वर्गात आपण ओवी शिकवतो ती ज्ञानेश्वरीपासून आणि छंदाच्या अंगाने. पण ओवी ही पहाटेच्या अंधारात, दळणाच्या श्रमात, ऐकणारे कोणी नसताना किंवा एखादीच शेजारीण असताना घडणारी कृती होती. गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीचे निमित्तच गेले. मग कॅमेऱ्यापुढे बसून, जाते नुसते फिरवून किंवा न फिरवताच जी ओवी म्हटली जाते ती काय आहे? ती खोटी नक्कीच नाही. म्हणणारीचा आवाज, तिची आठवण आणि तिचे दुःख खरे आहे. पण ती आता स्वतःशी बोलणे राहिलेली नाही. कुणासाठी तरी केलेला तो प्रयोग झाला आहे. माहितीपट आणि जिवंत सादरीकरण या दोन कलांमधला सगळा ताण या एका उदाहरणात सापडतो. एक कला जपून ठेवू पाहते. दुसरी घडता घडताच संपते, आणि तिचे मोल त्या संपण्यातच असते.

दुसऱ्या कलेबाबत तर आपल्याकडे अधिकच गोंधळ आहे. तिला मराठीत सर्वमान्य शब्दही नाही. मारिना अब्रामोविच या कलावतीने १९७४ साली नेपल्समध्ये टेबलावर फुलापासून पिस्तुलापर्यंत बहात्तर वस्तू मांडल्या आणि सहा तास स्वतःला प्रेक्षकांच्या स्वाधीन केले. हे ऐकताना मुलांना प्रथम हसू येते, मग थोडी भीती वाटते. नेमक्या अशा क्षणी कुणीतरी उठून म्हणतो, 'यात नवे ते काय? आमच्याकडे पोतराज आहेच की!' तुलना वरवर पाहता बिनतोड आहे. अंगावर आसूड ओढत दारोदार फिरणारा पोतराजही आपले शरीरच पणाला लावतो. पण 'आभरान' हे पार्थ पोळके यांचे आत्मकथन ज्याने वाचले आहे त्याला ही तुलना इतक्या सहज करता येणार नाही. अब्रामोविचने वेदना निवडली. पोतराजावर ती जातीने आणि दारिद्र्याने लादली. एकीची कृती संग्रहालयात गेली, दुसऱ्याच्या कृतीला पसाभर धान्य मिळाले.

म्हणूनच पाहुण्यापुढे दिपून जाणे जितके घातक, तितकेच 'हे सगळे आमच्याकडे पूर्वीपासून होते' असे म्हणून छाती फुगवणेही घातक आहे. दोन्हींत विचार थांबतो. जागरण, गोंधळ, कीर्तन यांना एखादे आधुनिक बिरूद चिकटवून त्यांचा सन्मान होत नाही. फरक कुठे आहे, तो का आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारले तर पाहुण्याची कला आणि आपली परंपरा या दोन्ही अधिक नीट कळतात.

या दोन कला एकमेकींना कशा उपयोगी पडू शकतात याचा उत्तम दाखला पुण्यातच आहे. अतुल पेठे यांनी सफाई कामगारांच्या जगण्यावर 'कचराकोंडी' हा माहितीपट केला. पुढे २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे जोतीराव फुल्यांवरील नाटक त्यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊनच रंगमंचावर आणले. माहितीपटाचा विषय असलेला कामगारवर्ग नाटकाचा कर्ता झाला. आपल्याबद्दल इतर काय दाखवतात ते पाहणारा माणूस उभा राहून स्वतः बोलू लागणे, हे कोणत्याही व्याख्यानाहून मोठे शिक्षण आहे.

यावर आक्षेप येतील. तालुक्याच्या महाविद्यालयात धड अंधार होणारी खोली नसते, अभ्यासक्रमात हे विषय नसतात, पाहुण्याला संध्याकाळच्या आत पुण्याला परतायचे असते. या अडचणी खऱ्या आहेत. पण आज जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि तो रोज काही ना काही चित्रित करतो आहे. अभ्यासक्रमाने दार लावून घेतले म्हणून ही गोष्ट बाहेर थांबलेली नाही. कुणाचे चित्रण करावे, कुणाला विचारून करावे, ते कुणाला दाखवावे, हे त्याला कोणीच शिकवलेले नाही. नदीकाठी बसून रडणाऱ्या म्हातारीचे चित्रण करून ते गावभर पाठवणारा मुलगा दुष्टच असतो असे नाही. हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलेलाच नसतो.

तेव्हा काही साध्या गोष्टी करता येतील. पाहुण्याने आपल्या कारकिर्दीचा आढावा घेण्याऐवजी एकच माहितीपट पूर्ण दाखवावा आणि त्यात काय गाळले ते सांगावे. सादरीकरण करणाऱ्या कलावंताने छायाचित्रांची फैर न झाडता दहा मिनिटे का होईना, प्रत्यक्ष काही करावे. आभारप्रदर्शन आधी उरकून प्रश्न शेवटी ठेवावेत, म्हणजे ते लांबले तरी कुणाची गैरसोय होणार नाही. व्याख्यानापूर्वी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या एका माणसाशी बोलून यावे, आणि त्या बोलण्यातून निघालेले प्रश्न पाहुण्यापुढे ठेवावेत. नंतर त्यांनी पाच मिनिटांचे जरी चित्रण केले, तरी त्याचा पहिला खेळ महाविद्यालयाच्या सभागृहात होऊ नये. ज्याचे चित्रण केले त्याच्या ओसरीवर, त्याच्या घरच्यांसमक्ष तो व्हावा, आणि 'हे काढून टाका' असे त्याने म्हटले तर ते काढून टाकावे.

यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. आपला वेळ मात्र लागेल, आणि अहवालात तो कोणत्या रकान्यात भरायचा याची चिंता थोडी बाजूला ठेवावी लागेल. भोर-वेल्ह्याने आजवर इतरांना पाणी दिले आणि चित्रीकरणाला जागा दिली. इथल्या मुलांनी आपल्या आजीची गोष्ट तिच्या संमतीने, तिच्या शब्दांत नोंदवायला शिकावे, एवढी अपेक्षा त्यांच्या प्राध्यापकांकडून करणे गैर नाही. ती आजी आज सांगायला आहे, आणि ऐकायला बसण्याची घाई आपल्यालाच केली पाहिजे.