सही खरी, हात चोराचा

अकोल्याच्या शाखेत मी असताना आमचा कॅशियर खर्रा खायचा. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटल्याचा आवाज नोटा मोजण्याच्या आवाजात मिसळून जाई. पुढे माझी अमरावतीला बदली झाली. एकदा तो भेटायला आला आणि म्हणाला, "तिखट झोंबते भाऊ, अन् तोंडई पुरं उघडत नाई." कोणीतरी त्याला 'प्रतिकारशक्ती कमी झाली' असे सांगितले होते. वहिनी सहा महिने गुळवेलाचा काढा आणि टॉनिक पाजत राहिल्या. गालाच्या आतला पांढरा चट्टा कोणी पाहिला नाही. मीही 'तिखट कमी कर' एवढेच म्हणालो.

तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचताना कळले, की ते निदानच उलटे होते. त्याच्या शरीरात शिपाई होते. त्यांना थोपवून धरले होते. टी-पेशी नावाचे हे शिपाई गाठीपर्यंत पोचतातही. पण कर्कपेशी अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन मिरवते. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ला भिडले, की शिपाई जागीच थबकतो. वास्तविक ही खूण शरीराचीच. आपल्याच शिपायांनी निरोगी अवयवांवर तुटून पडू नये, म्हणून ठेवलेली. बँकेत खोटी सही मी पुष्कळदा पकडली. खरी सही चोराच्या हाती लागली, तर कोणता अधिकारी ती ओळखणार? शिवाय शिपायांना आवरणाऱ्या पेशीही गाठ आपल्याभोवती जमवते. ही अफरातफर काढ्याने उघडी पडत नाही.

पीडी-१चा शोध जपानच्या तासुकू होन्जो यांनी १९९२ साली लावला. २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. हा अडसर काढणारी औषधे निघाली, पण त्यांची किंमत ऐकून कापूसवाला शेतकरी दवाखान्याच्या पायरीवरूनच परतावा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने मात्र निव्होलुमॅबची नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, डोके-मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कर्करोगात देऊन पाहिली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरातले सोळा रुग्ण हयात होते. औषध जोडल्यावर त्रेचाळीस. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग बरा झाला असे नव्हे. पण सोळा आणि त्रेचाळीस यांतला फरक ज्याच्या घरी दुखणे आहे त्याला विचारावा.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ठेल्यावरच्या पन्नीला तिचे काय? आणि तंबाखू काढली तरी सुपारी उरतेच. तीही कर्ककारक आहे, आणि गाल आतून ताठ करून तोंड आवळते तीच. माणसाला आपली तीन बोटे उभी तोंडात घालता यावीत, एवढी साधी ही तपासणी. गावोगावी रक्तदाब मोजायला माणूस जातो, तोंडात बॅटरी मारायला का जाऊ नये?

परवा अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटी मूर्तिजापूरला थांबली. शेजारचा पोरगा पन्नी घोटत होता. म्हटले, "बाप्पू, तीन बोटं घाल बरं तोंडात." तो हसला, त्याने घालून पाहिली. दोनच गेली.