सात जणींच्या मोर्चापासून पुढे

मागच्या महिन्यात हिंजवडीतल्या आमच्या खोलीवर शेजारची एक मुस्लिम भगिनी आली. आयटी कंपनीत साफसफाईचे काम, पदरी दोन लेकरे. नवऱ्याने फोनवर तीनदा तलाक म्हटले आणि तो घर सोडून गेला.

"भाऊ, तुम्ही अर्ज लिहून देता ना?"

आम्ही पटकन बोलून गेलो, "ताई, आधी तुमच्या समाजाच्या लोकांना विचारा."

"विचारलं. थांब म्हणाले. पण शाळेची फी थांबते का?"

आम्ही खजील झालो.

हा प्रश्न आजचा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानसभेवर मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. बाया किती? अवघ्या सात! पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातच जोतीरावांचा वारसा. धर्मग्रंथाचे अर्थ काढत बसू नका, माणूस म्हणून हक्क मागा, हा दलवाईंचा विचार. १९७७ साली ते अवघ्या ४४ व्या वर्षी गेले. मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आदींनी काम पुढे नेले.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहाबानोला पोटगी दिली. १९८६ मध्ये सरकारने नवा कायदा करून माघार घेतली. अखेर २०१७ च्या निकालाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही इतर स्त्रियांप्रमाणे पोटगी मागता येते.

मग चळवळीचे काम संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कायद्याने तलाकचा शब्द पुसला, चूल पेटवून दिली नाही. नवरा तुरुंगात गेला तर घरात पैसा कोण देणार? म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची घोषणा तशीच देत राहून भागणार नाही. पोटगीची वसुली, मुलींचे शिक्षण, बाईच्या हाताला काम, हे आता पुढे आले पाहिजे. शिवाय या बायांच्या दुःखाचे भांडवल करून साऱ्या समाजाला हिणवणारेही आहेत. सुधारकाला मुल्लामौलवींशी आणि या द्वेष्ट्यांशी, दोघांशीही झगडावे लागेल. दलवाईंचे शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांच्यासारखे प्रश्न विचारणे, यातच विचाराचे नवेपण आहे.

आणि आपण? 'त्यांचा प्रश्न' म्हणून हात झटकणारे आम्हीच पहिले निघालो! आपल्या वस्तीबद्दल इतरांनी असेच म्हटले, तेव्हा आपल्याला काय वाटले होते?

त्या रात्री आम्ही अर्ज लिहून दिला. कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे तिला ठाऊक नव्हते. सोमवारी आम्ही अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर शिवाजीनगर कोर्टात गेलो. तुमच्या शेजारीही अशी कोणी असेल. तिला 'थांब' म्हणू नका.